आरतिंगाला पाणी

आमच्या वस्तीवर दिवस मावळायला लागला की आधी जनावरांना पाणी, मग दारातल्या बेलाला आणि शेवटी आरतिंगाला. हा क्रम अव्वानं लावलेला होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती, अप्पांचीसुद्धा. अव्वा म्हणजे माझी आई, अप्पा वडील. मूळ शब्द अर्थिंग, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. अव्वाच्या कानाला त्यात आरती ऐकू आली आणि तिनं ते नाव तसंच चालवलं. दाराच्या उजव्या हाताला जमिनीतून हातभर वर आलेली एक लोखंडी पहार होती, तिला तार गुंडाळलेली होती. खंडेनवमीला घरातल्या कोयत्याखुरप्यांबरोबर तिच्यावरही विभूतीची बोटं ओढली जायची. नवा पाहुणा आला की विचारायचा, हा कोणता देव म्हणायचा? अव्वा भाकरी थापता थापता सांगायची, "लाईटचा."

ही पहार तिथं कशी आली ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमचं घर बेंबळी गावात नव्हतं, शिवारात होतं, विहिरीला लागून. विहिरीवरच्या मोटारीसाठी लाईनीच्या तीन तारा आल्या होत्या आणि तिन्ही जिवंत. घरात दिवा लावायचा तर एक जिवंत तार लागते आणि एक परतीची. परतीची तार गावात होती, वस्त्यांवर नव्हती. मग शिवारात ज्यानं त्यानं जी युक्ती केली तीच अप्पांनी केली. मोटारीच्या पेटीतून एक तार घरात आणली, ती दिव्याला जोडली, आणि दिव्यापासून दुसरी तार दाराबाहेर नेऊन जमिनीत पुरलेल्या लोखंडाला बांधली. परतीचं काम जमीन करायची. विहीर खोदताना टोक मोडलेली अप्पांची पहार पडूनच होती. त्यांनी कमरेइतका खड्डा घेतला, कोळसा टाकला, पोत्यातलं खडे मीठ टाकलं, पहार उभी केली आणि माती लोटली. पहिल्या दिवशी दिवा लागला तेव्हा अप्पा घरात न येता बाहेर पहारीपाशीच उभे राहून आमच्याकडं बघत होते. माझा बाप हसला की फार देखणा दिसायचा, म्हणून ते लक्षात राहिलं.

तो साठ वॅटचा एकच दिवा. त्याच्या खाली अव्वा धान्य निवडायची, दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बैलाच्या वेसणीची दोरी वळायचा, मी अभ्यास करायची. हुलग्याचं माडगं चुलीवर रटरटत असायचं, शेंगाच्या चटणीचा उखळातला ठोका ऐकू यायचा, आणि विहिरीवर मोटार चालू असली की तिची घरघर जमिनीतून थेट पाटापर्यंत यायची. पावसाळ्यात, हिवाळ्यात दिवा झकास. उन्हाळा लागला की काळी माती फाटायची, पहारीभोवती बोट जाईल एवढी भेग पडायची, आणि दिवा पिवळा व्हायचा, मग तांबूस. अव्वा म्हणायची, "तहानलं बिचारं." तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ विरघळवून ती पहारीच्या बुडाशी ओतायची आणि आत दिवा फुलायचा. आम्हा पोरांना ती जादू बघायला फार आवडायचं. पाणी घालून झालं की अव्वा ओलं बोट पहारीला हळूच लावून बघायची. बोटाला मुंग्या आल्या की समाधानानं म्हणायची, "जित्तं हाये."

हे वाचून आजची पोरं कपाळाला हात लावतील. लावू द्या. मी आयुष्यभर इंजिनिअरिंगच्या पोरांना सर्किट शिकवलं, त्यातली निम्मी पोरं घरी गेल्यावर आंघोळीच्या बादलीत हीटर सोडून त्याच बादलीत बोट घालून पाणी तापलं का बघणारी होती. शहाणपण पुस्तकात असतं आणि बोट अंगाला असतं.

दहावी झाल्यावर मी हट्टानं धाराशिवच्या तंत्रनिकेतनात नाव घातलं, इलेक्ट्रॉनिक्सला. तेव्हा गावाला उस्मानाबाद म्हणायचे. रोज सकाळी फाट्यापर्यंत चालत आणि पुढं एसटी. वर्गात आम्ही मोजून दोघीच मुली. सर्किट शिकवणारे सर वयानं मोठे, अंगानं किरकोळ आणि तोंडानं फटकळ होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर एकापाठोपाठ दोन अडथळे काढले, रेझिस्टन्स हो, नागमोडी रेघेचे, आणि त्यांना दोनशे तीस व्होल्ट जोडले. म्हणाले, "पहिल्यावर दीडशे मिळाले. उरलेले गेले कुठं?" मागून कुणीतरी म्हणालं, "खर्च झाले, सर." सर म्हणाले, "खर्च व्हायला तो काय तुझ्या बापाचा पगार आहे? दाब आहे तो, बाबा. एकानं घेतला नाही तर दुसऱ्याला घ्यावाच लागतो. ज्याचा अडथळा मोठा, त्याच्या वाट्याला दाब मोठा. बेरीज चुकत नाही." मग कुठलंही गणित असो, उत्तर आलं की सर विचारायचेच, उरलेले गेले कुठं? आम्ही ते त्यांचं नावच पाडलं होतं. सर वर्गाकडं येताना दिसले की पोरं कुजबुजायची, उरलेले आले.

फळ्यावरची ती दुसरी नागमोडी रेघ म्हणजे आमच्या दारातली पहार, हे मला तेव्हा उमगलं नाही. दिवा, माती, मीठ आणि माझी आई यांच्यातून फळ्यावरचं गणित ओळखायला त्या वयाच्या पोरीला कुणी शिकवलं नव्हतं. त्यासाठी मी स्वतःला कधी दोष दिला नाही आणि आता म्हातारपणी हौसेनं देणारही नाही. दोष कुणाचा होता ते मला चांगलं ठाऊक आहे.

त्या साली माघात दादाचं लग्न झालं. वहिनी उमरग्याकडची, नाव गौरा. घरात कानडी बोलणारी, त्यामुळं तिचं मराठी जरा अडखळत यायचं आणि दादा तिची टिंगल करायचा. माझ्याएवढीच होती. मला वन्सं म्हणायची आणि मी अभ्यासाला बसले की मुद्दाम शेजारी येऊन वाती वळत बसायची. तिच्या रुखवतात विजेची शेगडी होती, मातीच्या तव्यात तारेचं वेटोळं बसवलेली. तिच्या माहेरी, गावातल्या घरात, ती लालभडक तापायची. आमच्या वस्तीवर लावली तर तार कोमटसुद्धा होईना आणि दिवा मात्र विझल्यासारखा व्हायचा. दादा म्हणाला, "तुज्या बापानं फुटकी शेगडी दिली." वहिनी बिचारी शरमून गेली. अव्वानं शेगडी पुसून, फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे पोरी. चूल हाये की."

वैशाखात परीक्षेच्या आधीची सुट्टी होती म्हणून मी घरी होते. तुळजापूरकडून मामा आला होता, अव्वाचा पाठचा भाऊ. दिवस मावळतीला टेकला होता. अव्वा गोठ्यात पाणी दाखवत होती. मामा आणि अप्पा बाजेवर बसले होते, दादा बैलं सोडत होता. मामानं सहज विचारलं, "सूनबाईनं काय काय आणलं म्हणं?" झालं, अप्पांच्या अंगात आलं. आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "गौरे, लाव की तुजी शेगडी. मामाला दाव. त्यावरच च्या कर." वहिनी दारात येऊन हळूच म्हणाली, "मामंजी, ती तापंना हो." सासऱ्याला ती मामंजी म्हणायची. अप्पा म्हणाले, "लाव तर. लाल न्हाय झाली तर न्हाय झाली." मी उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते. मी हे माझ्या कानांनी ऐकलं. मामानंही ऐकलं.

वहिनीनं शेगडी लावली. दिवा एकदम बसला, आत नुसता लाल किडा वळवळल्यासारखी तार दिसत राहिली. गोठ्यातून अव्वाचा आवाज आला, "अगं, आरतिंग वाळलं गं!" तांब्यात मीठपाणी घेऊन ती लगबगीनं आली. अनवाणीच होती, गोठ्यातल्या पाण्यानं पाय भिजलेले, लुगड्याचा काठ ओला. तिनं पाणी ओतलं. दिवा फुलला नाही. तिनं आणखी ओतलं, त्या चिखलात पाय रोवून उभी राहिली आणि रोजच्यासारखा हात पहारीला लावला. या वेळी मात्र बोट लागलं नाही, पंजा लागला, आणि तो सुटला नाही. ओरडली नाही ती. ओरडायला सवड मिळालीच नाही. तांब्या पडल्याचा आवाज आला म्हणून मी वर पाहिलं. अप्पा धावले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा बापावर किंचाळले, "हात लावू नका!" आत जाऊन भिंतीवरची दोन्ही बटणं बंद केली, दिव्याचं आणि शेगडीचं. तेवढ्या वेळात जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. शेजारच्या वस्तीवरची जीप आणून अव्वाला बेंबळीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं आणि मान हलवली. मी मात्र आईच्या तळहाताकडं बघत होते. त्यावर पहारीच्या जाडीचा पांढरा पट्टा उठला होता.

गावाला सांगितलं, झटका आला. खोटं नव्हतं. मोटारीच्या लाईनीवरून चोरून दिवा घेतला होता, तेव्हा कोणता झटका ते कुणी फोड करून सांगायचं नाही, असं अप्पांनी आणि मामानं जीपमध्येच ठरवलं. आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. दुसऱ्या दिवशी आमच्याच बांधाला खड्डा घेतला, जंगमस्वामी आले, अव्वाला बसती केली, गळ्यात बेलाची माळ, कपाळाला विभूती. खड्ड्यात मीठ लागतं. अप्पा घरात गेले आणि ज्या पोत्यातून आरतिंगाला मीठ घ्यायचो तेच पोतं खांद्यावर घालून घेऊन आले. ते मीठ खाली पडताना मला बघवेना. वहिनी बायांच्या मागं उभी होती, तिला कुणी जवळ घेतलं नव्हतं. मी जाऊन तिचा हात धरला.

मग सुरू झालं. भेटायला येणाऱ्या बाया दाराशी रडायच्या, आत येऊन गूळपाणी घ्यायच्या आणि जाता जाता आवाज खाली आणायच्या. सून आली न् सासू गेली. चार महिनं न्हाय झालं. पांढऱ्या पायाची हाये. आधी हे बायकांत होतं, मग ते अप्पांच्या तोंडी आलं. एका सकाळी न्याहारीला वहिनीनं त्यांच्यापुढं अंबिलीची वाटी ठेवली तर ती सरकवून म्हणाले, "हिचा पायगुणच असला. शेगडी आणली न् माज्या घराचा दिवा इझला." दादा खाली मान घालून जेवत राहिला. माझा संताप संताप झाला. म्हटलं, अप्पा, लाव म्हणाले कोण? त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. आपलं ठेवायचं झाकून, दुसऱ्याचं पाहायचं वाकून! पहार यांनी पुरली, शेगडी यांनी लावायला लावली, आणि पाय पांढरे पोरीचे. माझा बाप वाईट माणूस नव्हता. एकटा असला की विहिरीच्या काठावर बसून ढसाढसा रडायचा, मी पाहिलंय. पण त्या रडण्यातून त्यानं स्वतःपुरतं शहाणपण काढलं नाही, आणि त्याचा राग मला आजही आहे.

दिवसकार्य झाल्यावर मामा आणि अप्पा बसून ठरवणार होते, वहिनीला ठेवायची का माहेरी धाडायची. धाडलेली सून परत आणत नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं, वहिनीला तर सगळ्यांत जास्त. ती रात्रंदिवस काम करत सुटली होती, जणू भांडी घासघासून घरात राहायला मिळणार होतं. मी परीक्षेसाठी धाराशिवला गेले तेव्हा पेपर सुटल्यावर सरांना गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. कपाटातून मीटर काढून माझ्या हातात दिला आणि कसं मोजायचं ते समजावलं. पहारीपासून खूप लांब शेतात दुसरी सळई ठोकायची, तिथवर तार न्यायची, आणि पहार न् त्या सळईच्या मधला दाब बघायचा. म्हणाले, "मोज, पोरी. पण एक ध्यानात ठेव. मीटर कुणाच्या बाजूचा नसतो." मला त्या वेळी वाटलं, हे म्हातारं उगाच घाबरवतंय. सत्य माझ्या बाजूला होतं, मग मीटर आणखी कुणाच्या बाजूला जाणार?

दिवसकार्य उरकलं, पाहुणे पांगले. दुपारी उन्हाच्या कारात मी बांधापर्यंत तार ओढली. अप्पा आणि मामा बाजेवर, दादा खांबाला टेकून, वहिनी दाराआड. शेगडी फळीवरून काढून मीच लावून ठेवली, बटण बंद ठेवून. कुणी जागचं हलायचं नाही असं दटावून आधी नुसता दिवा लावला. तो दुपारच्या उजेडातही पिवळट दिसत होता. मीटर बघितला. दिव्यावर दीडशे. पहारीवर ऐंशी. म्हटलं, "बघा अप्पा, दिवा पिवळा म्हणजे लाईट कमी आली असं नव्हं. आलेली तेवढीच हाये, दोनशे तीस. दिव्याला मिळाली न्हाय ती पहारीत जाऊन बसली. आपण सगळे उलटं समजत होतो. दिवा जेवढा मंद तेवढी पहार जहरी. अव्वाच्या बोटाला मुंग्या यायच्या त्या ह्या ऐंशीच्या. रोज मरणाला बोट लावून बघत होती ती, शेगडी यायच्या आधीपासून." मामानं मान हलवली. दादानं पहिल्यांदा वर पाहिलं. दाराआड बांगड्या वाजल्या. मला वाटलं, जिंकलं.

मग शेगडीचं बटण दाबलं. दिवा मेला, आत लाल किडा. दिव्यावर पंचवीस. पहारीवर दोनशे पाच. मी आकडे मोठ्यानं वाचले. शेगडीच्या तारेचा अडथळा थोडा, वाळल्या मातीचा प्रचंड. शेगडीनं आपल्याकडं जवळजवळ काही ठेवलंच नाही, म्हणून ती तापत नव्हती. सगळं पहारीवर ढकललं. फळ्यावरच्या गणितासारखं तंतोतंत. मी घाईघाईनं बोलायला लागले, की पहार अशी पुरायचीच नसते, परतीचं काम मातीवर सोपवायचंच नसतं, शेगडी नसती तर उद्या इस्त्री आली असती, पंखा आला असता. मामानं हात वर केला. त्याची बहीण गेली होती, आणि त्याच्या चेहऱ्यावर एवढंच दिसत होतं की दोष द्यायला कुणीतरी हवं होतं. म्हणाला, "मंगे, मला लई कळत न्हाय. येवढंच सांग. शेगडी नसती तर त्या दिवशी ताई वाचली असती का?"

आता इतकी वर्षं मी हा प्रश्न उलटासुलटा करून पाहिलाय. ऐंशीच्या धक्क्यानंही माणूस मरतं, पाय ओले असले तर. पण मरतंच असं नाही, आणि आदल्या दिवसापर्यंत ती मेली नव्हती. खोटं बोलले असते तर? अहो, मीटरची काटा दाखवणारी काच माझ्या मांडीवर होती. मी म्हटलं, "कदाचित वाचली असती. पण मामा, शेगडी लावायला..." पुढचं वाक्य कुणी घेतलंच नाही. अप्पा म्हणाले, "ऐकलंत? आता शिकल्यालं लेकरूच सांगतंय." आणि उठून विहिरीकडं गेले. मी मोठमोठ्यानं सांगत राहिले, लाव म्हणून कोण म्हणालं ते, पहार कुणी पुरली ते, मामा तू ऐकलंस की रे तुझ्या कानांनी! मामा जोडे घालत होता. म्हणाला, "मोठ्या माणसाचं नाव असं घेऊ न्हाय, पोरी. त्याची बायकू गेलीया." दादानं वायर गुंडाळायला घेतली. एक अवाक्षर बोलला नाही तो, आणि पुढंही कधी बोलला नाही. दुसऱ्या बायकोलाही त्यानं हे सांगितलेलं नाही असा माझा संशय आहे.

दोन दिवसांनी दादा वहिनीला सोडायला निघाला. काही दिवस माहेरी राहू दे, असं म्हणायची रीत असते, तसं म्हटलं. मला सरांचा मीटर परत द्यायचा होता म्हणून मीही धाराशिवपर्यंत बरोबर गेले. शेगडी अप्पांनी वहिनीच्या बोचक्यात घालून दिली होती. एसटी स्टँडवर उमरग्याच्या गाडीची चौकशी करायला दादा खिडकीकडं गेला आणि आम्ही दोघी बाकावर बसलो. मी रडत होते, ती रडत नव्हती. मी म्हटलं, वहिनी, मला तुला वाचवायचं होतं गं. ती म्हणाली, "ठाऊक हाय वन्सं. तुमी खोटं न्हाई बोल्ला." मग बोचक्यावरून हात फिरवत, मराठी जुळवत जुळवत म्हणाली, "तुमी म्हन्ला न्हवं, दिव्यानं घेतलं न्हाई ते पहारीनं घेतलं. मामंजीनी घेतलं न्हाई. मामानं घेतलं न्हाई. तुमच्या भावानं बी न्हाई." तेवढ्यात गाडी लागली. दादानं बोचकं उचललं, ती मागोमाग चढली, आणि खिडकीतून तिनं हात केला नाही, कारण तिला पलीकडच्या बाजूला जागा मिळाली होती.

ती परत आली नाही. पुढं ती अंगणवाडीत कामाला लागल्याचं कानावर आलं. मी नोकरीला लागल्यावर एकदा तिच्या गावी गेले होते. तिनं चहा दिला, चुलीवरचा. अव्वाचा विषय मी काढला नाही, तिनंही काढला नाही. वर्गात मात्र मी दरवर्षी हे गणित घातलं, दिवा, शेगडी आणि पहार यांचं, आकडे तेच ठेवून. हुशार पोरं चुटकीसरशी सोडवायची. उरलेले गेले कुठं, असं मी विचारायची तेव्हा त्यांना वाटायचं, बाईंची ही लकब आहे.

वहिनी गेली त्या दिवशी मी शेवटच्या गाडीनं फाट्यावर उतरले आणि चालत वस्तीवर आले. उजेड अजून होता. दादा उमरग्यालाच राहिला होता. अप्पांनी जनावरांना पाणी दाखवलं होतं, बेलाला घातलं होतं आणि बाजेवर पाठ टेकून पडले होते. मी चूल पेटवली, भाकरीचं पीठ मळायला घेतलं. अंधारून आलं तसं त्यांनी उठून बटण दाबलं. पहार जिथल्या तिथं होती. तिला हात लावू नका, काढून टाका, असं मी किती वेळा सांगितलं होतं. त्यावर त्यांचं उत्तर एकच, लाईटबिगर कसं भागंल, शेगडी गेली की आता. दिवा पिवळा लागला, मग तांबूस झाला. अप्पा बाजेवर परत आडवे झाले आणि डोळ्यांवर हात घेऊन, रोजच्या आवाजात म्हणाले, "मंगे, आरतिंगाला पाणी घाल गं."

मी पिठाचे हात धुतले. पदराला पुसून कोरडे केले. आत जाऊन बटण बंद केलं, खुंटीवरच्या पेटीतला फ्यूज उपसून काढला, मग बाहेर आले आणि पहारीला गुंडाळलेली तार वेढा वेढा उलगडून हातात घेतली. घरात, दारात, सगळीकडं काळोख झाला होता. बाजेवर अप्पा कुशीवर वळले.

"लाईट गेली वाटतं," ते म्हणाले.

"व्हय अप्पा," मी म्हटलं. "तीबी गेली."